ढील नाही राहिली

जी वस्तू हलायला नको आणि तरी हलते, ती दिसली की माझं डोकं फिरतं. हॉटेलातलं डुगडुगणारं टेबल, बिजागरीतून निसटलेलं फाटक, कुणाच्या चष्म्याची सैल झालेली काडी. समोरचा माणूस काय बोलतोय हे मला ऐकूच येत नाही, बोटं नुसती शिवशिवत राहतात. सखूआत्या म्हणते, या पोरीच्या अंगात पारा भरलाय. माझं लग्न का झालं नाही याचंही कारण ती तेच सांगते. असेल बापडं.

नोकरीही मला स्वभावाला साजेशीच मिळाली. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत ऑपरेशन थिएटरचे दिवे बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी तपासणीत आहे. छताला टांगलेला तो भलामोठा दिवा ज्या लोखंडी हाताच्या टोकाला असतो, त्या हाताला आपल्या कोपरासारखे सांधे असतात. सांध्यात उभी पिन, पिनेवर दोन बेरिंग आणि डोक्यावर एक नट. नट सैल राहिला तर बेरिंगमध्ये केसभर मोकळीक उरते. कारखान्यात तिला प्ले म्हणतात, घरी आम्ही ढील म्हणतो. हात एकीकडे नेऊन उलट फिरवला की सांधा आधी ती मोकळीक खातो आणि मग टक् करून सरकतो. ते टक् जाईपर्यंत नट आवळत जायचं, हे माझं काम. दिवा जिथे ठेवला तिथेच राहिला पाहिजे. खाली माणसाचं पोट उघडलेलं असताना त्याने स्वतःच्या मर्जीने सरकून चालत नाही. टक् करणारा सांधा माझ्या हातून पास झाल्याचं अजून तरी कुणी दाखवलेलं नाही, आणि याचा मला गर्व आहे.

बाबांचा हात मी बनवला तो याच गर्वात.

बाबा म्हणजे ईश्वरदास. जन्म गेला तो हातमागावर पातळं विणण्यात. माग बंद पडल्यावर इतवारीत एका कापडाच्या दुकानात गाठी मोजायला बसले, आई गेल्यावर तेही सोडून माझ्यासोबत बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मागच्या वर्षी मानेच्या मणक्यात नस दबली. ऑपरेशन झालं, बाबा चालायला लागले, पण उजव्या खांद्यातली ताकद गेली ती गेलीच, आणि डावा हात तर त्याहून लुळा. बोटं थोडीफार वळायची. हात मात्र उचलता यायचा नाही.

माझा भाऊ अंकुर मनीषनगरला राहतो. त्याने दुसऱ्याच दिवशी एक बाई ठेवली, बाबांना भरवायला. बाई भली होती. तिने वरणभाताचा घास पुढे केला आणि बाबांनी तोंड मिटून घेतलं. बाई म्हणाली, आजोबा, आ करा. बाबा भिंतीकडे पाहत राहिले. ती गेल्यावर म्हणाले, "माह्या हातानं जेवीन. नाही तं नाही जेवणार." बाबा फार बोलत नाहीत, पण बोलले की तिथे नट आवळलेला असतो.

मग मी साहेबांना विचारून रिजेक्ट झालेल्या एका लहान दिव्याचे दोन हात घरी आणले. एकाला एक जोडून जेवणाच्या टेबलाला पक्के केले. टोकाला पत्र्याची पन्हळ, तिच्यात जाड कापडाचं अस्तर. बाबांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत त्या पन्हळीत ठेवायचा. हाताचं सगळं वजन लोखंडावर जायचं आणि बाबांनी फक्त थोडं ढकलायचं. कोपर जरा दाबलं की पंजा वर येणार, तळव्याला पट्ट्याने बांधलेला चमचा तोंडापाशी. पहिल्या दिवशी बाबा ताटभर वरणभात जेवले, वर चटणी मागितली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि डोळे पुसून बाहेर आले, तर बाबा रिकाम्या चमच्याने हवेत हात इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत बसले होते. नवी सायकल मिळालेल्या मुलासारखे.

काही दिवस छान गेले. मग एकदा जेवताना ते ऐकू आलं. टक्.

जुनीच बेरिंग ती, झिजणारच. ताटाकडून तोंडाकडे वळताना सांधा जरा दचकायचा आणि चमच्यातलं वरण सदऱ्यावर सांडायचं. बाबा म्हणायचे, "असू दे वं." मला कसं असू देता येईल? मी पाना घेऊन बसले. नट आवळला, टक् गेलं. चार दिवसांनी पुन्हा आलं, पुन्हा आवळला. पुढे पुढे मी ते यायची वाटही पाहीनाशी झाले. कामावरून आले की पर्स सोफ्यावर आणि पाना हातात. पन्हळीचं टोक चिमटीत धरून हलवून बघायचं, सांध्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. सांधा बोटाखाली जराही दचकला तर थोडं आवळायचं, मग हात गरागरा फिरवून पाहायचा. लोण्यासारखा फिरायचा. मग बाबांना बसवायचं.

बाबा हात ढकलून पाहायचे आणि म्हणायचे, "आता ढील नाही राहिली वं."

ते ऐकलं की मला मूठभर मांस चढायचं. कारखान्यात माझं काम चांगलं झालं असं आजवर कुणी तोंडाने म्हटलेलं नाही.

सदऱ्यावरचे डाग कमी झाले. पण बाबांचं जेवणही कमी झालं. सुरुवातीला ताटभर जेवणारा माणूस अर्ध्या भातावर थांबायला लागला. "झालं. पोट भरलं." मी म्हणायचे, अहो, आणखी दोन घास. बाबा मान हलवायचे. चेहरा घामेजलेला असायचा; एप्रिल होता, नागपुरात कुणाचा नसतो? मला वाटलं, सांडायची भीती बसली आहे. लेकीसमोर सदऱ्यावर वरण सांडणं बाबांना कसं सोसेल? एवढीशी मोकळीक आत राहिली असणार, मला न सापडलेली, आणि तिच्या धास्तीने ते लवकर उठतात. मी आणखी आवळायचे.

वजन उतरत गेलं. गळ्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मग त्यांनी चष्मा काढून अंकुरला सांगितलं की भरवलेलं खात नाहीत, हाताने पुरेसं खात नाहीत, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. अक्षय तृतीया होऊन जाऊ द्या, मग घेऊन या, पाहू.

घरी आल्यावर अंकुर मला गॅलरीत घेऊन गेला.

"ताई, ते यंत्र काढून टाक आता. दोन बायका ठेवू, समजावून सांगू, खातील."

"तोंड मिटून बसले तं जबडा उघडशील काय त्यायचा?"

"तू दोन महिने झाले नट आवळून राहिली. काय फरक पडला सांग ना."

"अजून कुठं तरी ढील आहे त्याच्यात. मले सापडून नाही राहिली."

"तुह्याच डोक्यात आहे ढील," अंकुर म्हणाला आणि चप्पल घालून गेला.

मला झोप लागेना. कारखान्याच्या बसमध्ये मांडीवर बोटांनी नट फिरवत बसायचे. एका सुटीच्या दिवशी भर उन्हात तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटीवर इतवारीत गेले, हातगाड्यांमधून वाट काढत बेरिंगच्या दुकानात शिरले आणि सगळ्या सांध्यांसाठी नवी कोरी बेरिंग घेऊन आले. दुकानदार म्हणाला, मॅडम, कशाला लावता, पंख्याला? मी म्हटलं, वडिलांना. तो हसला. मी नाही हसले.

नवी बेरिंग बसली. हात असा झाला की कारखान्यात दाखवला असता. जिथे ठेवला तिथे राहायचा. मी तो मुद्दाम ताटाच्या वर मध्येच अधांतरी सोडला आणि पाहत उभी राहिले. जागचा हलला नाही. नळीची गरज पडणार नाही अशी माझी खात्रीच पटली.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांची घागर भरतात आणि गेलेल्यांच्या नावाने पान वाढतात. आता आईचंही असतं. सखूआत्या आदल्या दिवशीच उमरेडहून आली होती. ती बाबांची धाकटी बहीण, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. सकाळपासून तिने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आमरस, शेवया, कुरड्या, वडे, कढी. मी तिच्या पायात पायात करत होते, म्हणून तिने मला बाहेर काढलं.

"जाय, बापाजवळ बस. इथं नाचू नको माह्या मधात."

बाहेर आले आणि बाबांजवळ बसायचं सोडून पाना घेतला. खरं तर काही गरज नव्हती. पण आज अंकुर येणार होता, आत्या बघणार होती, उद्या डॉक्टर. प्रत्येक नटाला हलका, अगदी हलका, शेवटचा एक हात दिला. फिरवून पाहिला. लोणी. बाबा खुर्चीतून माझ्याकडे पाहत होते.

"ढील नाही राहिली वं," ते म्हणाले.

"नाहीच राहणार!" मी म्हटलं.

बाबांनी डोळे मिटून घेतले.

पानं वाढली. कूलर टेबलाकडे वळवला. अंकुर आला, आईच्या पानाला नमस्कार करून बसला. आमच्या घरात एक रीत आहे, आजोबांपासूनची. घरातल्या मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही, आणि तो उठल्याशिवाय कुणी पानावरून उठायचं नाही. लहानपणी या रीतीचा मला भयंकर राग यायचा, कारण बाबा विणकाम सोडून यायला उशीर करायचे आणि आम्ही वासावर दिवस काढायचो.

मी बाबांचा हात पन्हळीत ठेवला, चमच्याचा पट्टा बांधला. बाबांनी चमचा आमरसात बुडवला. आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे पाहत होतो.

चमचा वाटीतून निघाला, छातीपर्यंत आला आणि थांबला.

एक थेंब नाही सांडला. टक् नाही, दचकणं नाही. हात हवेत नुसता उभा होता, मी परवा अधांतरी सोडला होता तसा. बाबांच्या मानेची शीर टरारली. हात तसूभर पुढे गेला. पुन्हा थांबला. खांदा कापायला लागला होता.

"दादा, घे ना गा घास," आत्या म्हणाली. "पोरं खोळंबली."

"घेतो."

घेतला नाही. अंकुरने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याने माझा तोल गेला. दोन महिन्यांचं जागरण, इतवारीचं ऊन, नळी, सगळं एकदम वर आलं आणि मी ते बाबांवरच काढलं.

"बाबा, आता कशाले भेता? ढील नाही आहे त्याच्यात! सकाळीच पाहिलं ना मी!"

"नाही ना वं," बाबा धापा टाकत म्हणाले. "तेच तं. ढील नाही राहिली."

आणि सखूआत्या उठली.

पहिल्या घासाआधी, पितरांच्या दिवशी, पानावरून उठली. टेबलाला धरून दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहिली, "थांब गा दादा, देतो," म्हणाली आणि मागे भिंतीकडे वळून हात लांबवला. भिंतीवर काही नव्हतं. तिचा हात तिथे काहीतरी चाचपत राहिला. मग ती भानावर आली, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आई वं! मले वाटलं माग आहे!"

"काय देत होती आत्या तू?" अंकुरने विचारलं.

"काय म्हणजे? ढील. लहान होतो तं माहं कामच होतं ते. ताण्याची, उभ्या सुताची, दोरी मागं खुंटीले बांधून राहे. दादा विणत पुढं पुढं गेला का ताणा ताठ होऊन जाये, हात चालत नसे त्याचा. मग तो आवाज दे, ढील नाही राहिली! का मी उठून खुंटीची दोरी सोडो. माहं लग्न झालं, मग तुमची माय सोडे." ती हसता हसता थांबली. "आज इतक्या वर्षांनी ऐकलं, तं पायच उठले माहे."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चमचा अजून छातीपाशीच होता.

ते वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. पलीकडच्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा आणि आई हातातलं काम टाकून जायची. कधी विचारलं नाही ती कशाला जाते. मोठी झाले, कारखान्यात लागले, आणि ढील म्हणजे खोट एवढंच शिकले. दोन महिने बाबा मला सांगत होते, हात चालत नाही. मी ती शाबासकी समजून आणखी आवळत होते. आणि तपासत होते कुणाच्या हाताने? माझ्या. पाना चालवणाऱ्या, स्कूटी उचलून लावणाऱ्या हाताने. लोणी, म्हणे.

मला वाटलं जमिनीत जावं. पण बाबांचा खांदा कापत होता, जमिनीत जायला वेळ नव्हता.

पाना सोफ्यावरच पडला होता. मी बाबांच्या मागे उभी राहिले आणि डावा तळवा त्यांच्या खांद्यावर ठेवला. आत मांस असं नव्हतंच फार. जे होतं ते तारेसारखं ताणलेलं होतं.

"बाबा, ढकला."

"ढकलतोच आहो."

मी पहिला नट सोडला. खांदा तसाच. दुसरा सोडला. पाना दोनदा नटावरून घसरला. तिसरा सोडला, आणखी सोडला, कारखान्यात ज्याला मी लाल शेरा मारून परत पाठवते तिथवर सोडला, आणि तळव्याखाली तो खांदा एकदम सैल पडला.

टक्.

हात वळला, दचकला, अर्धा आमरस टेबलावर सांडला, थोडा सदऱ्यावर. उरलेला बाबांच्या तोंडात गेला.

"हं," बाबा म्हणाले. म्हणजे, बसा, जेवा.

आम्ही जेवायला लागलो. म्हणजे आत्या आणि अंकुर लागले. मी बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या हाताकडे पाहत होते. टक्, वाटी. टक्, तोंड. दर फेरीला काही ना काही सांडत होतं. दर फेरीला माझी बोटं मांडीवर वळत होती आणि मी ती दुसऱ्या हाताने धरून ठेवत होते. बाबांनी आमरस संपवला. शेवया संपवल्या. कढी-भात कालवून दे म्हणाले, मी दिला, तोही गेला. वडा मोडून मागितला. त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. तो घाम एप्रिलचा नव्हताच कधी.

"भात वाढ वं," बाबा म्हणाले.

अंकुरने वाढला. तोही संपला. आता अंकुरही जेवायचं थांबून पाहत होता.

माझ्याच्याने राहवेना. "बाबा, तुम्ही तं रोज म्हणत होते, पोट भरलं."

बाबांनी चमचा खाली टेकवला. माझ्याकडे न पाहता त्यांनी आईच्या पानाकडे पाहिलं.

"हात भरून ये ना वं," ते म्हणाले. "पोट कुठचं भरते तेवढ्यात."

अंकुरने ताटावर मान घातली. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. दोन महिने मी बाबांसमोरून अर्धी भरलेली ताटं उचलून नेत होते. भुकेल्या माणसासमोरून. आणि मग पाना घेऊन बसत होते.

"भात वाढ वं," बाबा पुन्हा म्हणाले.

मी पातेलं पुढे ओढलं. पातेलं रिकामं होतं.

"लावतो मी," आत्या उठायला लागली.

"तू बस." मी उठले. मग रीत आठवली, तशीच अवघडून उभी राहिले.

"जाय जाय," बाबा म्हणाले. "भातासाठी चालते."

मी तांदूळ धुतले, कुकर लावला, आणि ओट्याशी न थांबता परत येऊन पानावर बसले. आत्याचं आणि अंकुरचं जेवण झालं होतं, हात वाळत आले होते. बाबा उठल्याशिवाय उठायचं नव्हतं. बाबा तर भाताची वाट पाहत होते. रिकाम्या चमच्याचा हात ते टेबलावर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत होते. टक्. टक्. पाना माझ्या उजव्या हाताशीच पडलेला होता.

मी तो उचलून अंकुरकडे दिला आणि कुकरच्या शिट्टीची वाट पाहत बसले.